रेशीमचा कागद

मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. रेशीम त्या रोज दहा वेळा उतरायची, आणि तेही गेली पाच वर्षं. त्या संध्याकाळी मात्र ती वरच्या पायरीवरच थबकली. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला, मग मान खाली घालून पायरी हुंगायला लागली, जणू ती कोणी आजच आणून ठेवली होती. गाभण राहून सत्तावन्न दिवस झाले होते, पोट जमिनीला टेकायचंच काय ते बाकी होतं. “जड झालंय गं माझ्या बाईला,” असं म्हणत मावशींनी तिला पोटाखाली हात घालून उतरवलं. मग त्यांनी अंगणातला दिवा लावला, आणि तीच जड बाई एकटी, न अडखळता वर चढून आली. मावशींनी हे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मनात पाल चुकचुकली होती, तिला त्यांनी झाडू मारून हाकलून दिलं.

या मावशी तशा काही न पाहिल्यासारखं करणाऱ्यातल्या नव्हत्या. सव्वीस वर्षं त्यांनी जन्मनोंदणीच्या खिडकीवर काढली होती. बाप समोर पेढ्यासारखं तोंड करून उभा असायचा, कडेवर पोर भोकाड पसरून रडत असायचं, तरी कागद पुरा असल्याशिवाय ते पोर जन्मलंय हे मावशी मान्य करत नसत. नोकरी संपल्यावर त्यांनी लॅब्रेडॉर कुत्र्यांची पैदास सुरू केली, तीही त्याच शिस्तीत. नितंबाच्या सांध्यांचा एक्स-रे, कोपरांचा एक्स-रे, हृदयाची तपासणी, रक्तातल्या दोषांची तपासणी, आणि हे सगळं आईचंही आणि बापाचंही. त्याचे कागद एका निळ्या फायलीत. प्रत्येक पिल्लाबरोबर त्या फायलीची नक्कल जायची, आणि सगळ्यात वर मावशींच्या हातचं एक पान असायचं: ‘हे कुत्रं कधीही, कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात नकोसं झालं तर माझ्याकडेच परत यायचं आहे.’ खाली सही. गल्लीत त्यांना सगळे ‘कागदवाली मावशी’ म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

पिल्लू मागायला येणाऱ्यांची तर त्या उलटतपासणीच घ्यायच्या. दुपारी घरी कोण असतं? जिन्याला दार आहे का? याआधीचं कुत्रं कशाने गेलं? एका गृहस्थांनी “राखणीला हवाय” एवढंच म्हटलं तर त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. “आमच्या मुलीचं लग्न ठरवताना एवढे प्रश्न झाले नव्हते,” असं एक बाई जाताना म्हणाली. मावशी म्हणाल्या, “मग विचारायला हवे होते.”

घरात दुसरं माणूस म्हणजे काका, मावशींचे यजमान. त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. अजूनही पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं, डोळ्याला भिंग लावून ते बसायचे, आणि ज्वारीच्या दाण्याहून लहान स्क्रू चिमट्याने उचलून जागच्या जागी ठेवायचे. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाचा भाग दुसऱ्याच्या घड्याळात गेला नाही, ही त्यांची फुशारकी. माणूस स्वच्छतेचा इतका भोक्ता की टेबलावर तुम्ही पेला ठेवलात आणि शिंकलात, तर शिंक संपेपर्यंत पेला धुऊन पालथा घातलेला असायचा.

आता साडेचार वर्षं मागे जायला हवं, कारण सगळं तिथेच झालं. रेशीम आणि चिंगी या दोघी सख्ख्या बहिणी. एका म्हाताऱ्या वनरक्षकाच्या कुत्रीची ही पिल्लं. त्या बिचाऱ्याला तपासणीबिपासणी काही ठाऊक नव्हती. मावशींनी दोघींना घरी आणलं आणि वर्षाच्या झाल्यावर, पिल्लांचा विचार करण्याआधी, त्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं. या जातीत डोळ्यांचा एक दोष असतो. प्रत्येक पिल्लाला त्याच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चांगल्या, तर कुत्रं स्वच्छ. एक चांगली आणि एक खराब, तर कुत्रं वाहक; त्याला स्वतःला जन्मभर काही होत नाही, पण खराब प्रत ते पुढे देऊ शकतं. दोन्ही खराब, तर कुत्रं बाधित. मग मोठेपणी, तीन-पाच वर्षांत, डोळ्याच्या आतला पडदा झिजायला लागतो. आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, मग दिवसाचं. औषध नाही.

नमुना घ्यायचा म्हणजे गालाच्या आतून एक बारीक ब्रश फिरवायचा, तो हवेवर वाळवायचा आणि कागदी पाकिटात घालायचा. डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं, “मावशी, एका वेळी एकच कुत्रं. एकीचं पाकीट बंद झालं की मगच दुसरी.” मावशींनी हे ऐकलं, आणि पोस्टात दोनदा कोण जाणार म्हणून दोघींचे ब्रश एकाच सकाळी घेतले. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन पेल्यांत ते उभे करून ठेवले, पेल्यांना चिकटपट्टीवर नावं लिहून लावली, आणि त्या पाकिटं आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा दोन पेले, दोन ब्रश, दोन नावं, सगळं रांगेत होतं. त्यांनी ते पाकिटांत घातलं आणि पाठवून दिलं.

निकाल आला: रेशीम स्वच्छ, चिंगी बाधित.

मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चिंगीचं ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे तिला पिल्लं व्हायला नकोत, आणि आपल्या धाकट्या बहिणीकडे तिला दिलं. बहीण एकटी राहायची, शाळेत चित्रकला शिकवायची. “ही आंधळी होणार आहे, हे समजून घे,” असं सांगूनच दिलं. बहिणीने ते इतकं समजून घेतलं की त्या दिवसापासून घरातली एक खुर्चीसुद्धा हलवली नाही. आंधळ्या कुत्र्याला घर पाठ असावं लागतं ना! भिंतीला रंग द्यायचा राहिला, फाटलेला सोफा फाटलेलाच राहिला. चालताना चिंगीला आपली चाहूल लागावी म्हणून ती चपलेला घुंगरू बांधून फिरायची. शाळेतली मुलं हसायची. चिंगी मात्र दर वर्षी जास्तच तरतरीत दिसत होती. “अजून वेळ आहे,” असं मावशी फोनवर सांगायच्या, आणि बहीण खुर्च्या जागेवर ठेवायची.

काका त्या फोनवर हमखास मधे तोंड घालायचे. “चिंगी कशी आहे? बघते ना नीट? संध्याकाळी बघते ना?” बहीण म्हणायची, “भावोजींचा किती जीव आहे गं तिच्यावर!” सगळ्यांना तसंच वाटायचं.

रेशीम स्वच्छ निघाली म्हणून मावशींनी तिच्यासाठी जो नर निवडला तो वाहक होता. हे त्यांनी जाणूनबुजून केलं, डॉक्टरबाईंना विचारून केलं. त्याचे सांधे उत्तम, हृदय उत्तम, स्वभाव असा की मांजर त्याच्या पाठीवर झोपायचं. आई स्वच्छ असली की बाप वाहक असून बिघडत नाही, एकही पिल्लू आंधळं होत नाही, हे त्यांच्या धंद्यातलं साधं गणित होतं. पहिल्या खेपेला सहा पिल्लं झाली, सहा घरी गेली, आता तीन वर्षांची होत आली होती. ही दुसरी खेप, त्याच नराची.

पायऱ्यांच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी पोटातली पिल्लं मोजायला एक्स-रे काढायचा होता. डॉक्टरबाई म्हणजे हसतमुख, बोलघेवडी बाई. दवाखान्यातल्या आतल्या खोलीत त्यांनी दिवा मालवला, प्लेट उजेडाच्या पेटीवर लावली, “सात डोकी दिसतायत, मावशी, पेढे तयार ठेवा,” असं म्हणाल्या, आणि मागे वळल्या. रेशीम अंधारात त्यांच्याकडे तोंड करून उभी होती. तिचे डोळे हिरवे चमकत होते. कुत्र्यांचे चमकतातच, पण हे जरा जास्तच, आणि बाहुल्या बशीएवढ्या मोठ्या. डॉक्टरबाईंचं हसू गेलं.

“हिचे डोळे शेवटचे कधी तपासले होते?”

“तपासायचे कशाला? ती स्वच्छ आहे. कागद आहे की.”

“कागद असला तरी दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“चिंगीचं ठीक आहे. हिचं काय दाखवायचं?” मावशींचा आवाज चढला. “तुम्हीच बघितलाय ना तो कागद?”

“बघितलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि दिवा लावला. “व्याली की दाखवून घ्या. एवढं कराच.”

वाटेत मावशी बाहेर थांबलेल्या काकांना सगळं सांगत आल्या. हल्लीच्या डॉक्टरांना तपासण्यांचं वेडच लागलंय, उद्या शेपटीचासुद्धा एक्स-रे काढतील, असंही म्हणाल्या. एरवी काका अशा बोलण्यावर हसले असते. घरी येऊन ते आपल्या टेबलाशी बसले, भिंग डोळ्याला लावलं, आणि तासभर त्यांच्यासमोर एकही घड्याळ नव्हतं.

बासष्टाव्या दिवशी सकाळी रेशीमचं तापमान एकदम उतरलं, सदतीसच्याही खाली. म्हणजे चोवीस तासांच्या आत पिल्लं. मावशींची सगळी तयारी होती. मागच्या खोलीत बाळंतपणाची लाकडी पेटी, आत चारही बाजूंनी दांडी ठोकलेली, म्हणजे आई टेकून बसली तरी पिल्लू भिंतीशी चिरडत नाही. पडदे ओढलेले, कारण व्यायला काळोख लागतो. उबेचा दिवा पेटीच्या एकाच कोपऱ्यावर, म्हणजे ज्याला गरम होईल त्याला सरकता यावं. जुने पंचे, वजनकाटा, सात रंगांचे दोरे, वही.

दहा वाजता पहिलं आलं. दुपारी तीनपर्यंत सहा झाली. मावशी प्रत्येकाचं नाक पुसायच्या, वजन करायच्या, गळ्यात दोरा बांधायच्या, वहीत लिहायच्या आणि आईच्या सडाला लावायच्या. सातवं आलं ते पिळलेल्या फडक्यासारखं लोंबत. श्वास नव्हता. मावशींनी नाकातोंडातलं पाणी काढलं, पंच्यात धरून पाठ चोळायला लागल्या. काका दारात उभे होते. “सोड गं,” ते हळूच म्हणाले. मावशींनी ऐकलं नाही. दहा मिनिटांनी त्या फडक्याने तोंड उघडलं आणि दारातल्या बिजागरीसारखा आवाज काढला. मावशींनी त्याला लगेच दूध दिलं नाही. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही, आधी अंग तापवावं लागतं. त्यांनी त्याला ब्लाउजच्या आत, छातीशी धरलं आणि तशाच बसून राहिल्या. घामाने थबथबल्या होत्या. इतक्या खूश त्या वर्षभरात झाल्या नव्हत्या.

तेवढ्यात पांढऱ्या दोऱ्याचं पिल्लू सरपटत आईपासून लांब गेलं, हातभर. रेशीमने मान उचलली. पिल्लू तिच्या नाकासमोर होतं, अगदी समोर, आणि ती भलतीकडेच बघत होती. हवेत नाक फिरवत होती. पिल्लू किंचाळलं तेव्हा तिचे कान वळले, मग मान वळली, मग तिने तोंडाने चाचपत चाचपत त्याला शोधलं.

मावशी बघत राहिल्या. आता न पाहिल्यासारखं करता येत नव्हतं.

त्यांनी छातीशी धरलेलं पिल्लू उबेच्या दिव्याखाली ठेवलं, कापसाचा एक बोळा केला, आणि रेशीमच्या तोंडासमोरून वरून खाली सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही. रेशीमने डोळेही हलवले नाहीत. पुन्हा सोडला. नाही. मग त्यांनी पडदा सारला, उन्हाचा पट्टा पेटीत आला, आणि तिसरा बोळा खाली पडेपर्यंत रेशीमची नजर त्याच्याबरोबर गेली.

त्या तिथेच फरशीवर बसल्या, आणि फोन ओढून बहिणीला लावला.

“ताई! झाली का पिल्लं?”

“झाली. सात. तू आधी मी सांगते ते कर. खोलीत अंधार कर, कापसाचा बोळा घे आणि चिंगीच्या नाकासमोर सोड. काही बोलू नकोस, नुसता सोड.”

“हे काय आता?”

“कर गं!”

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, घुंगरू वाजलं, पडदा ओढल्याचा आवाज आला. मग बहीण हसत हसत परत आली. “हवेतच पकडला, ताई! गिळला असता मेलीने. म्हणजे डोळे शाबूत आहेत ना अजून? ए ताई, आता तरी सोफा बदलू का मी? ताई?”

मावशींनी फोन ठेवला. आंधळी व्हायची ती बघत होती, आणि बघायची ती आंधळी होत चालली होती. त्यांनी मान वर केली. काका दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसत होते.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ब्रश वाळत ठेवले त्या दिवशी मी बाहेर गेले होते. पेले कुठे होते?”

काकांनी तोंडावरून हात फिरवला.

“खिडकीतून पाऊस आत आला होता. मी खिडकी पुसायला घेतली. पेले उचलले, ओल्याने पट्ट्या सुटल्या. ब्रश ओट्यावर ठेवले, पेले पुसले, पट्ट्या पुन्हा लावल्या. कोणता कुठला ते… मला वाटलं, लक्षात आहे. मला सगळं लक्षात असतं ना.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“तेव्हा काय माहीत होतं? दातांचे ब्रश असतील असं वाटलं मला. निकाल आला, तू जेवली नाहीस, तेव्हा कळलं काय होतं ते.”

“तेव्हा तरी सांगायचं!”

“मन घट्ट करेपर्यंत तू चिंगीचं ऑपरेशन करून आणलं होतंस, अगं. निकाल आला त्याच आठवड्यात. आणि मला वाटलं, बरोबरही लागले असतील. अर्धी शक्यता तर होती. मी दर वेळी विचारायचो, चिंगीला दिसतं का. दिसतं म्हटलं की वाटायचं, पट्ट्या बदलल्याच. रोज वाटायचं उद्या सांगू.”

मावशी त्यांना काय काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्या इतकं वाईट कधी बोलल्या नव्हत्या. पण बोलून संपल्यावर त्या गप्प झाल्या ते वेगळ्याच कारणाने. एकाच सकाळी दोन कुत्र्यांचे ब्रश कोणी घेतले होते? दरवर्षीची डोळ्यांची तपासणी कागदाच्या जोरावर कोणी बंद केली होती? काकांनी पट्ट्या बदलल्या होत्या खऱ्या, पण त्या पट्ट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी बाई दुसरी कोणी नव्हती.

मग त्यांनी वही उलटी केली आणि मागच्या पानावर गणित मांडलं. ते अवघड नव्हतं. आईच्या दोन्ही प्रती खराब. बापाची एक खराब. म्हणजे प्रत्येक पिल्लाला आईकडून खराब मिळणारच, आणि बापाकडून मिळायची शक्यता निम्मी. पेटीतल्या सातांपैकी तीन किंवा चार. आणि बाहेर गेलेल्या सहांपैकी तीन, त्यांच्या सहीच्या कागदासकट.

डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आल्या आणि रेशीमचा नमुना घेतला, पाकीट स्वतः बंद केलं. चिंगीचा नमुना त्यांनी बहिणीच्या घरी जाऊन, वेगळ्या दिवशी घेतला. पाकिटावरचं नाव त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं, आणि ते मावशींना टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं. निकालाला बारा दिवस लागणार होते.

ते बारा दिवस घर सुतकात असल्यासारखं होतं, आणि त्याच घरात सात जीव दिवसागणिक फुगत होते. मावशी सकाळ-संध्याकाळ वजन करायच्या. सातवं, छातीशी धरलेलं, आठव्या दिवशी दुप्पट झालं. ओल्या कापसाने पोट पुसायचं, नखं कापायची, पेटीतले पंचे बदलायचे, रोज एकेकाला मिनिटभर हातात घेऊन उताणं-पालथं करायचं, म्हणजे माणसाच्या हाताची सवय होते. सगळं त्या करत होत्या, फक्त त्यांना नाव घेऊन हाक मारत नव्हत्या. पिल्लं सांगून ठेवलेले लोक फोन करून विचारायचे, “कशी आहेत आमची बाळं?” मावशी म्हणायच्या, “वाढतायत,” आणि पुढचं बोलणं टाळायच्या.

दहाव्या दिवशी काका पेटीशी येऊन बसले. इतके दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते.

“अगं, ऐक. रागावू नकोस. बाहेर गेलेल्यांना सांगायलाच हवं का? तीन वर्षं झाली. कुत्री म्हातारी होतात, तेव्हा अधू होतातच. कोण बघायला जातंय का कशाने?”

मावशी पेटीतले पंचे बदलत राहिल्या. खरं सांगायचं तर हा विचार त्यांच्या मनात काकांच्या आधीच येऊन गेला होता. एकदा नव्हे, रोज येत होता, पहाटे डोळा उघडला की पहिला तोच. नाव जाईल. कागदवाल्या मावशीचं नाव जाईल, आणि त्या नावावाचून आपण कोण आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. गप्प बसलं तर कोणालाही, कधीही कळणार नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली तरी विचार जाईना.

बाराव्या दिवशी सकाळी पांढऱ्या दोऱ्याच्या पिल्लाच्या डाव्या डोळ्याला कोपऱ्यात बारीकशी फट पडली. संध्याकाळपर्यंत तिघांचे डोळे किलकिले झाले. आत निळसर, दुधासारखं काहीतरी हलत होतं. पिल्लांचे डोळे उघडायचे म्हणजे मावशींच्या घरी एरवी सणच असायचा. शेजारची पोरं बघायला यायची. या खेपेला दार लावलेलं होतं. निकाल त्याच संध्याकाळी फोनवर आला. डॉक्टरबाईंनी वाचून दाखवला. रेशीम बाधित. चिंगी स्वच्छ.

“पिल्लांचे नमुने पुढच्या महिन्यात घेऊ,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आईपासून दोन तास वेगळी ठेवून, म्हणजे तिचं दूध तोंडात राहायला नको. एका वेळी एक.” मग म्हणाल्या, “मावशी, बाहेरच्या सहांचं काय करताय?”

“सांगते,” मावशी म्हणाल्या. त्यांनी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर मागे घेता येईना.

निळी फाईल उघडून त्यांनी पहिलं नाव काढलं. ही शिंपीणबाई. बाजारामागच्या बोळात तिचं दुकान, घर बोळाच्या दुसऱ्या टोकाला. तिला पिल्लू द्यायला मावशींनी दोन महिने लावले होते, दोनदा घर बघून आल्या होत्या. बाई जीव लावणारी आहे अशी खात्री पटल्यावरच दिलं होतं. काका समोरच्या खुर्चीवर येऊन बसले. मावशींनी त्यांच्याकडे न बघता फोन लावला.

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. “अगंबाई, मावशी! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. मीच करणार होते फोन.”

“का गं?”

“अहो, हा हल्ली फार हट्टी झालाय. दिवसा शहाणा. पण संध्याकाळी दुकान बंद करून घरी निघालं की बोळाच्या तोंडाशी फतकल मारून बसतो. उठतच नाही. ओढावं तर अंग टाकून देतो. महिना दीड महिना झाला. तुम्ही म्हणाला होतात ना, लाड केले तर डोक्यावर बसेल, एकदा नाही म्हणजे नाही. म्हणून मीही सोडलं नाही. रोज पट्ट्याने ओढत नेते.” मशीन थांबलं. “आणि परवा तर ह्यांनी दोन फटकेही दिले. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, वळण लागायला हवं. बरोबर केलं ना, मावशी?”

मावशींनी सांगितलं. जेवढं सांगायचं होतं तेवढं सगळं सांगितलं, ब्रश, पेले, पट्ट्या, रेशीम, आणि तो बाधित असण्याची शक्यता निम्मी आहे, पण हे ऐकल्यावर आपल्याला निम्मी वाटत नाही, हेही. नमुना आपण स्वतः घेऊ म्हणाल्या. नकोसा असेल तर आजच्या आज परत घेऊन येईन म्हणाल्या.

“ऐकतेस ना?”

“म्हणजे बोळात त्याला दिसतच नव्हतं?”

“नाही. अंधारात नाही.”

“आणि मी त्याला ओढत होते.” शिंपीणबाई रडत नव्हती. ती एकेक शब्द शिवण उसवावी तसा सुटा करत होती. “तो माझ्याकडे तोंड वर करून बघायचा हो. मला वाटायचं, मुद्दाम करतोय. एकदा मनात आलं होतं माझ्या, डोळ्यांचं काही असेल का. खरंच आलं होतं. मग तुमची फाईल काढून बघितली. त्यात लिहिलं होतं, आई स्वच्छ.”

मावशींच्या पुढ्यात त्याच फायलीची मूळ प्रत उघडी होती.

“तेव्हापासून मी जास्त जोरात ओढायला लागले,” ती म्हणाली.